मल्टिप्रोसेसर स्टार्टअपचा कोड साफ करताना: कोण कोणाची वाट पाहतो?

प्रश्न थोडक्यात असा: ६४-बिट एक्स८६साठी लिहिलेल्या एका छोट्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) प्रोसेसरचे बाकीचे कोअर उठवणारी, म्हणजे चालू करणारी, फाइल वर्षानुवर्षे फुगत गेली आहे. ग्लोबल व्हेरिएबल, एकमेकांवर चढवलेले तीन-चार फ्लॅग, कारण न सांगता पेरलेले डिले (ठरावीक वेळ थांबणं), इफडेफचे (अटीप्रमाणे कोड घेणाऱ्या-वगळणाऱ्या ओळींचे) थर. आता हाच कर्नल एआरएमवर (वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरांवर) न्यायचा आहे आणि बूटही लवकर व्हायला हवं आहे. साफसफाई कुठून सुरू करायची, आणि सगळे कोअर एकदमच उठवावेत का?

फाइलचे तुकडे करण्यापासून सुरुवात करू नका. पहिला हात बहुतेक तिकडेच जातो आणि तुकडे झाले की कोड दिसायलाही नीटनेटका होतो, पण गुंता तसाच राहतो. या कोडमध्ये फंक्शनं कशी विभागली आहेत याला फारसं महत्त्व नाही. कोणता कोअर कुठे थांबतो आणि कशामुळे पुढे सरकतो, हीच त्याची खरी रचना.

म्हणून आधी कागद घ्या आणि जिथे जिथे एक कोअर दुसऱ्यासाठी थांबतो ती प्रत्येक जागा उतरवून काढा. स्पिन लूप (अट पुन्हा पुन्हा तपासत फिरणं), डिले, काउंटर अमुक आकड्यावर येण्याची वाट, सगळं. प्रत्येक जागेसमोर चार रकाने भरा: कोण थांबलंय, कोणासाठी, नेमकं काय घडलं की पुढे जायचं, आणि ते घडलंच नाही तर काय. पहिले तीन थोड्या कष्टाने भरता येतात. चौथा बहुतेक वेळा रिकामा राहतो, आणि या कोडमधले सर्वांत चिवट दोष त्या रिकाम्या रकान्यातच दडलेले असतात. डिलेच्या बाबतीत तर तिसराही रिकामा राहतो, कारण डिले म्हणजे अट माहीत नसताना घातलेला अंदाज. ही यादी पूर्ण होईपर्यंत एकही ओळ हलवू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

काही डिले मात्र एक्स८६च्या हार्डवेअरनेच मागितलेले होते, ते वेगळे काढा. इंटेलच्या मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशनमध्ये (आवृत्ती १.४, १९९७) क्रम असा दिला आहे: बूट करणाऱ्या कोअरने, म्हणजे बीएसपीने, दुसऱ्या कोअरला, म्हणजे एपीला, इनिट आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) पाठवायचा आणि १० मिलिसेकंद थांबायचं. मग स्टार्टअप आयपीआय पाठवायचा, २०० मायक्रोसेकंद थांबायचं आणि पुन्हा एक स्टार्टअप आयपीआय. एक-एक कोअर असा उठवत गेलं तर ९६ कोअरच्या यंत्रावर ९५ वेळा १० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास एक सेकंद निव्वळ थांबण्यात जातो. आजच्या प्रोसेसरांना त्या १० मिलिसेकंदांची गरज नाही. लिनक्सने २०१५ मध्ये नव्या प्रोसेसरांवर हा डिले शून्यावर आणला, जुन्यांसाठी तो तसाच ठेवला आणि हवा असेल तर बूट पॅरामीटरने बदलता येईल अशी सोय केली. तुम्हीही तेच करा: डिले एका ठिकाणी, नाव दिलेला, प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे ठरणारा.

याच भागात सीमॉसच्या (घड्याळासोबतच्या छोट्या मेमरीच्या) हेक्स ०एफ रजिस्टरमध्ये ०ए लिहिणं आणि हेक्स ४६७ या पत्त्यावर वॉर्म रीसेट व्हेक्टर ठेवणं असेल, तर ते ४८६च्या काळातल्या ८२४८९डीएक्स या वेगळ्या एपिक (इंटरप्ट हाताळणाऱ्या) चिपसाठी होतं. तिला स्टार्टअप आयपीआय ठाऊक नव्हता. ६४-बिट कर्नल ज्या यंत्रावर चालेल तिथे एपिक प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे हा भाग बिनधास्त काढून टाका. पण त्यासाठी वेगळा पॅच करा आणि त्याच्या वर्णनात कारण लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तो परत आणावासा वाटणार नाही.

आता ट्रॅम्पोलिन, म्हणजे जागा झालेला एपी सर्वांत आधी चालवतो तो छोटा कोड. स्टार्टअप आयपीआयसोबत ८ बिटांचा व्हेक्टर जातो आणि एपी त्या क्रमांकाच्या ४ केबी पानाच्या सुरुवातीपासून, रिअल मोडमध्ये (जुन्या १६-बिट पद्धतीत), धावू लागतो. म्हणून ट्रॅम्पोलिन पहिल्या १ एमबीत, पानाच्या सीमेवर, आणि व्हिडिओ मेमरी व फर्मवेअर टाळायचं तर प्रत्यक्षात पहिल्या ६४० केबीतच ठेवावं लागतं. त्याचं पेज टेबलही (व्हर्च्युअल पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारा तक्ता) ४ जीबीच्या खाली हवं, कारण त्याचा पत्ता ठेवणारं सीआर३ रजिस्टर भरताना एपी अजून ३२-बिट मोडमध्ये असतो. हे पान फर्मवेअरचा मेमरी मॅप वाचल्यावर लगेच, अ‍ॅलोकेटर सुरू होण्याआधी राखून ठेवा. ‘इथे सहसा काही नसतं’ म्हणून ठरवलेला पत्ता तुमच्या यंत्रावर वर्षभर चालेल आणि दुसऱ्याच्या यंत्रावर पहिल्याच दिवशी फसेल.

ट्रॅम्पोलिनमधली खरी घाण म्हणजे बीएसपीने एपीसाठी ग्लोबलमध्ये ठेवलेल्या गोष्टी: स्टॅकचा पत्ता, पर-सीपीयू भागाचा (त्या कोअरच्या स्वतःच्या डेटाचा) पत्ता, जीडीटी (मेमरीच्या विभागांचा तक्ता). जवळजवळ प्रत्येक छोट्या कर्नलमध्ये ‘पुढच्या एपीचा स्टॅक’ अशा अर्थाचं एक व्हेरिएबल सापडतं. बीएसपी त्यात पत्ता लिहितो, एपीला हाक देतो, आणि एपी जागा होऊन तो पत्ता उचलतो. एका वेळी एकच एपी उठत असेल तोवर हे ठीक वाटतं. पण हा क्रम पाहा. तिसऱ्या कोअरला हाक दिली. व्हर्च्युअल मशीन आहे आणि होस्टवर भार आहे, म्हणून त्याची पाळीच आली नाही. बीएसपीचा टाइमआउट संपला, त्याने ‘कोअर ३ उठला नाही’ असं छापलं आणि व्हेरिएबलमध्ये चौथ्याचा स्टॅक लिहून चौथ्याला हाक दिली. नेमका त्याच क्षणी तिसरा जागा झाला. त्याने व्हेरिएबल वाचलं आणि चौथ्याचा स्टॅक उचलला. मागोमाग चौथ्यानेही तोच उचलला. दोन कोअर एका स्टॅकवर! यानंतर काय होईल ते सांगता येत नाही. चुकीच्या पत्त्यावर परतणं, ट्रिपल फॉल्ट (यंत्र रीसेट करणारी चूक), किंवा त्याहून वाईट म्हणजे बूट नीट पूर्ण होऊन तासाभराने कुठल्याशा असंबद्ध जागी पॅनिक. लॉगमध्ये मात्र ‘कोअर ३ उठला नाही’ एवढी एकच ओळ दिसते आणि सगळे हार्डवेअरला दोष देऊन मोकळे होतात.

टाइमआउट वाढवल्याने हा दोष फक्त दुर्मीळ होतो. तो मुळातून घालवायला दोन गोष्टी लागतात, आणि माझ्या मते संपूर्ण साफसफाईचा गाभा याच दोन आहेत.

पहिली: एपीने स्वतःची ओळख स्वतः पटवावी. जागा झाल्यावर त्याने आपला एपिक आयडी, म्हणजे हार्डवेअरने दिलेला क्रमांक, वाचायचा. सीपीयूआयडी या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेच्या १ क्रमांकाच्या लीफमध्ये (विभागात) तो ८ बिटांचा मिळतो, आणि एक्स२एपिक (एपिकची नवी आवृत्ती) असलेल्या यंत्रांवर हेक्स ०बी लीफमध्ये पूर्ण ३२ बिटांचा. बीएसपीने आधीच भरून ठेवलेल्या तक्त्यात तो आयडी शोधायचा आणि आपल्या ओळीतला स्टॅक व पर-सीपीयू पत्ता घ्यायचा. तक्ता सरळ ओळीने शोधला तरी चालतं, इथे तेवढा वेळ कोणालाच जाणवत नाही. शोध लागेपर्यंत स्टॅक न वापरण्याची शिस्त मात्र पाळा. रिअल मोडपासून लाँग (६४-बिट) मोडपर्यंतचा प्रवास पुश किंवा कॉल न करता, फक्त रजिस्टरांवर पूर्ण होतो. जीडीटी भरणं, कंट्रोल रजिस्टर लिहिणं आणि फार जंप, यांपैकी कशालाही स्टॅक लागत नाही. आणि सी भाषेतल्या कोडमध्ये उडी मारण्याआधी जीएस बेस (पर-सीपीयू भागाचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) भरा. कंपाइलरचा स्टॅक प्रोटेक्टर आपला कॅनरी (स्टॅक बिघडला का ते ओळखण्याचा आकडा) तिथूनच वाचतो, त्यामुळे तो भरलेला नसेल तर पहिल्याच सी फंक्शनच्या पहिल्याच ओळीला एपी मरतो आणि डीबगरमध्ये ते फंक्शन अगदी निर्दोष दिसतं.

दुसरी: प्रत्येक कोअरला एकच अवस्था-व्हेरिएबल, आणि प्रत्येक बदलाचा मालक ठरलेला. ‘हाक दिली’ बीएसपी लिहितो. ‘जागा झालो’ एपी लिहितो. ‘पुढे ये’ पुन्हा बीएसपी, आणि ‘ऑनलाइन’ पुन्हा एपी. या चारांशिवाय एक पाचवी अवस्था हवी, ‘सोडून दिला’, आणि तिच्यामुळेच चौथा रकाना भरतो. टाइमआउट झाला की बीएसपी कम्पेअर-अँड-स्वॅपने (मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच ते एका झटक्यात बदलणाऱ्या क्रियेने) ‘हाक दिली’चं ‘सोडून दिला’ करायचा प्रयत्न करतो. एपी जागा होताना तसाच ‘हाक दिली’चं ‘जागा झालो’ करायचा प्रयत्न करतो. दोघांपैकी एकच जिंकतो. एपी हरला तर त्याने इंटरप्ट बंद ठेवून हॉल्टच्या लूपमध्ये पडून राहायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. बीएसपी हरला तर एपी शेवटच्या क्षणी का होईना पण आलाय, तेव्हा पुढचं काम नेहमीसारखं चालू. सोडून दिलेल्या कोअरचा स्टॅक परत अ‍ॅलोकेटरला देऊ नका. त्या दोन-चार पानांची बचत पुढच्या त्रासाच्या मानाने काहीच नाही.

लिनक्सही याच वाटेने गेला. त्याच्या एक्स८६ कोडमध्ये कॉलआउट, कॉलिन आणि इनिशियलाइझ्ड असे तीन वेगवेगळे मास्क (प्रत्येक कोअरसाठी एक बिट असलेल्या याद्या) होते आणि कोणता बिट कोण, कधी बदलतो हे समजायला एकाहून अधिक फाइली उघडाव्या लागत. २०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत थॉमस ग्लायक्सनर आणि डेव्हिड वुडहाउस यांच्या कामातून ते तिन्ही गेले आणि त्यांच्या जागी कोअरमागे एक सिंक अवस्था आली. तिथे वाट पाहण्याची मर्यादा १० सेकंद आहे. आकडा मोठा वाटतो, पण अट नेमकी असली की मर्यादा ऐसपैस ठेवता येते, कारण सर्व काही ठीक असताना ती कधी भरतच नाही.

हे व्हेरिएबल नुसतं व्होलाटाइल करून भागत नाही. आधीचं लिखाण आधीच दिसेल याची हमी म्हणून लिहिताना रिलीज आणि वाचताना अ‍ॅक्वायर वापरा. एक्स८६चा मेमरी क्रम कडक असल्यामुळे तिथे ही चूक झाकली जाते, एआरएमवर मात्र ती उघडी पडते: ‘पुढे ये’ दिसतं, पण त्याआधी लिहिलेला डेटा दिसत नाही.

आता काम कोणी, कुठे करायचं याची वाटणी. जे फसू शकतं ते सगळं, म्हणजे मेमरी घेणं, आयडल थ्रेड तयार करणं, तक्ते भरणं, हाक देण्याआधी बीएसपीवर उरका. इंटरप्ट बंद असताना एपीवर जे चालतं त्यात फसू शकणारं काहीच ठेवू नका, कारण अर्ध्यातून माघार घ्यायला तिथे जागा नाही. आणि थोडं निवांत चालणारं, पुन्हा फसू शकणारं काम एपी ऑनलाइन झाल्यावर त्याच्या थ्रेडमध्ये. लिनक्सच्या सीपीयू हॉटप्लगमध्ये (यंत्र चालू असताना कोअर चालू-बंद करण्याच्या सोयीत) २०१६ साली ४.६ आवृत्तीपासून आलेली अवस्थांची साखळी याच तीन भागांत आहे. त्याआधी नोटिफायरची पद्धत होती: प्रत्येक सबसिस्टिम आपलं फंक्शन नोंदवायची, क्रम प्राधान्याच्या आकड्यांवर ठरायचा, आणि उठवण्याचा क्रम व बंद करण्याचा क्रम यांचा मेळ बसेलच अशी खात्री नव्हती. तुमच्याकडे अशी कॉलबॅकची यादी असेल तर तिच्याजागी साधा, क्रमाने लिहिलेला तक्ता आणा, प्रत्येक ओळीत चढण्याचं एक फंक्शन आणि उतरण्याचं एक. उतरताना तोच तक्ता उलट वाचायचा.

ऑनलाइन मास्कबद्दल, म्हणजे कोणते कोअर चालू आहेत त्या यादीबद्दल, जरा थांबून सांगतो, कारण इथे क्रम दोन्ही बाजूंनी चुकतो. बिट लवकर लावला, म्हणजे एपीचे इंटरप्ट व्हेक्टर आणि लोकल एपिक तयार होण्याआधी, तर दुसरा कोअर टीएलबी शूटडाउनसाठी (कोअरच्या टीएलबीत साठवलेल्या पेज टेबलच्या जुन्या नोंदी पुसायला) त्याला आयपीआय पाठवतो आणि उत्तराची वाट पाहत लटकतो. ही चूक निदान लगेच दिसते. बिट उशिरा लावला तर दिसत नाही अशी चूक होते. एपी कर्नलचं पेज टेबल वापरू लागलाय, पण मास्कमध्ये नाही. त्या फटीत कोणी कर्नलचं एखादं मॅपिंग काढलं तर शूटडाउनचा आयपीआय याला येत नाही आणि याच्या टीएलबीमध्ये जुनी नोंद राहते. म्हणून क्रम असा ठेवा: व्हेक्टर आणि एपिक तयार, मग मास्कमध्ये बिट, मग आपला टीएलबी एकदा पूर्ण फ्लश (ग्लोबल नोंदींसह), आणि त्यानंतरच इंटरप्ट चालू. हा क्रम एकाच फंक्शनमध्ये, सलग ओळींत, वर टिप्पणी लिहून ठेवा. तो दोन फाइलींत विखुरला की कोणीतरी एक ओळ वर-खाली करणारच.

एवढं झालं की एआरएमचं पोर्टिंग सोपं होतं, कारण प्लॅटफॉर्मवर अवलंबून असलेली एकच गोष्ट उरते: हाक देणं. त्यासाठी एक फंक्शन पॉइंटर पुरेसा आहे. कोअर क्रमांक आणि सुरुवातीचा पत्ता द्यायचा, एरर कोड परत घ्यायचा. एक्स८६वर त्यामागे इनिट आणि स्टार्टअप आयपीआय. इंटेल टीडीएक्सच्या गेस्टमध्ये (होस्टपासून संरक्षित व्हर्च्युअल मशीनमध्ये) ते चालत नाहीत, तिथे एसीपीआयच्या (फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती देण्याच्या पद्धतीच्या) तक्त्यात दिलेल्या मेलबॉक्समधून हाक जाते. एआरएमवर बहुधा पीएससीआय या फर्मवेअर सोयीचा सीपीयू-ऑन कॉल, क्वचित स्पिन-टेबल (कोअर मेमरीतल्या एका जागेकडे पाहत थांबतो ती पद्धत). कोणता ते डिव्हाइस ट्रीमधून (हार्डवेअरच्या वर्णनातून) कळतं. पीएससीआय एक संदर्भ-मूल्यही स्वीकारतो आणि ते नव्या कोअरच्या पहिल्या रजिस्टरमध्ये पोहोचवतो, म्हणजे तक्त्यात शोधण्याचं कामही वाचतं. रिस्क-व्ही प्रोसेसरांवर एसबीआय या फर्मवेअर सोयीचा हार्ट-स्टार्ट कॉलही असाच आहे.

जुन्या ३२-बिट एआरएम कोडमधून ‘पेन रिलीज’ नावाचं व्हेरिएबल उचलून आणू नका. ज्या बोर्डांवर फर्मवेअर सगळे कोअर एकदम मोकळे सोडत असे, तिथे त्यांना अडवून एक-एक बाहेर काढण्यासाठी ती कोंडवाड्याची युक्ती होती. पुढे ती अनेक चिपच्या कोडमध्ये गरज नसताना नकलून घेतली गेली. एक गोष्ट मात्र एआरएमवर नव्याने शिकावी लागते: जागा झालेला कोअर एमएमयू (पत्ते बदलून देणारा भाग) आणि डेटा कॅश बंद असताना वाचतो. त्याआधी वाचला जाणारा प्रत्येक शब्द बीएसपीने कॅशमधून मेमरीपर्यंत साफ करून पोहोचवायला हवा, नाहीतर त्याला जुनंच काहीतरी दिसेल. अशा शब्दांची संख्या जितकी कमी तितकं बरं.

पॅचचा क्रम मी असा ठेवेन. आधी नुसती मोजणी आणि खुणा: प्रत्येक एपी आपण कोणत्या टप्प्यावर आहोत तो आकडा आपल्या ओळीत लिहितो आणि टाइमआउट झाला की बीएसपी तो छापतो. मग मेलेला कोड काढणं. मग नवं अवस्था-व्हेरिएबल जुन्या फ्लॅगांच्या शेजारी ठेवणं, आणि दोघांचं म्हणणं जुळत नसेल तर ओरडणारी तपासणी. काही दिवस ती शांत राहिली की जुने फ्लॅग एक-एक करून काढायचे. तुकडे करणं आणि नावं बदलणं सर्वांत शेवटी. वागणूक बदलणारा पॅच आणि कोड हलवणारा पॅच कधीही एकत्र करू नका. इथला दोष महिन्याने उगवतो, तेव्हा बायसेक्ट करून (इतिहास अर्धा-अर्धा करत दोष शोधून) जी कमिट सापडेल ती वीस ओळींची असावी.

चाचणीसाठी क्यूईएमयू (अख्खं यंत्र सॉफ्टवेअरमध्ये उभं करणारा एम्युलेटर) उत्तम, पण चार कोअर देऊन समाधान मानू नका. होस्टवर जेवढे कोअर आहेत त्याच्या कितीतरी पट व्हर्च्युअल कोअर द्या, म्हणजे एपी खरोखर उशिरा जागे होतील. त्याहून उपयोगी म्हणजे मुद्दाम खोडा घालणं: प्रत्येक टप्प्यावर एपीला काही सेकंद थांबवणारा आणि दुसरा, त्याला तिथेच मारून टाकणारा डीबग पर्याय. प्रत्येक टप्प्यासाठी दोन्ही चालवा. चौथ्या रकान्यात लिहिलेलंच घडतं का ते तेव्हाच कळतं. ट्रिपल फॉल्ट होत असेल तर क्यूईएमयूला रीबूट न करण्याचा पर्याय द्या आणि रीसेटच्या क्षणाची रजिस्टरं लॉगमध्ये घ्या. कोअर ट्रॅम्पोलिनच्या कोणत्या ओळीवर गेला ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं. हॉटप्लग असेल तर एक कोअर सतत बंद-चालू करत रात्रभर सोडा.

सगळे कोअर एकदम उठवण्याबद्दल: लगेच नको, आणि पूर्ण तर बहुधा नकोच. आधी १० मिलिसेकंदांचे डिले काढून बूटचा वेळ मोजा, कदाचित प्रश्न तिथेच मिटेल. तरीही वेळ जात असेल तर अर्धंच समांतर करा: पहिल्या लूपमध्ये सगळ्यांना हाक देऊन ‘जागा झालो’पर्यंत येऊ द्या, दुसऱ्या लूपमध्ये एकेकाला ‘पुढे ये’ म्हणून ऑनलाइन करा. लिनक्स ६.५ने एक्स८६वर हेच केलं. हार्डवेअर जागं होण्याचा वेळ पहिल्या लूपमध्ये एकत्र सरतो आणि टाइमर, शेड्युलर, कॉलबॅक यांचं नाजूक काम पूर्वीसारखं एकेक करून चालतं. त्यांच्या ट्रॅम्पोलिनला स्टॅक लागतो, म्हणून त्यांना तिथे एक छोटा लॉक घालावा लागला. तुमचं स्टॅकशिवाय असेल तर तोही नको. तुमचा कर्नल मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, दुरुस्त करता येणारा कोड) भरत असेल तर आणखी एक काळजी घ्या. हायपरथ्रेडिंगमध्ये एका कोअरचे दोन थ्रेड मायक्रोकोड वाटून घेतात, त्यामुळे एकाचं अपडेट चालू असताना दुसऱ्याने धावता कामा नये. पहिल्या लूपचे दोन फेरे करा: आधी प्रत्येक कोअरचा पहिला थ्रेड, ते सगळे जागे झाले की मग जोडीदार थ्रेड.